पाटाच्या कडेची नोंदवही

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि ओझरच्या बंधाऱ्यातून निघणाऱ्या दोन्ही कालव्यांना उन्हाळ्यातही पाणी मिळू लागलं. प्रवरेच्या डाव्या अंगाला संगमनेर-श्रीरामपूरचा पट्टा भिजला, उजव्या अंगाला आमचा राहुरी तालुका. देवळाली प्रवरा हे उजव्या कालव्यावरचं गाव. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. आवर्तन सुटलं की चारीचं दार उघडायचं, कोणाची पाळी किती तासांची ते सांभाळायचं, रात्री कंदील घेऊन फुटलेल्या पोटचाऱ्या पाहत फिरायचं, यात त्यांची नोकरी गेली. मी आरोग्यसेविका झाले आणि याच तालुक्यातल्या उपकेंद्रांवर काम करत निवृत्त झाले. अण्णांच्या आणि माझ्या नोकरीचा एकमेकींशी किती जवळचा संबंध आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ते कळायला आमच्याच जिल्ह्याचा इतिहास कामी आला, म्हणून तो लिहून ठेवते आहे.

माणूस आजारी का पडतो, आणि त्याच आजारातून एक जण उठतो नि दुसरा का उठत नाही, याचं उत्तर दवाखान्याबाहेर शोधावं लागतं, असं आता वैद्यकाच्या पुस्तकांत छापलेलं असतं. मायकल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं २००८ साली तेच साऱ्या जगाला सांगितलं. नगर जिल्ह्यात मात्र त्याच्या कितीतरी आधी हे घरोघर जाऊन मोजलं गेलं होतं, आणि मोजणाऱ्यांमध्ये अशा बाया होत्या ज्यांना आकडा लिहिता येत नव्हता.

पण सुरुवात पाण्यापासून करायला हवी.

कालव्याचं पाणी आलं आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना आला. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०चा. आमच्या नगरपालिकेच्या हद्दीतला राहुरी कारखाना त्याच वाटेनं आला आणि त्याच्याभोवती नगर-मनमाड रस्त्यावर वस्ती वाढत वाढत 'राहुरी फॅक्टरी' झाली. या सगळ्याचा हिशेब पहिल्यांदा पद्धतशीर मांडला तो धनंजयराव गाडगीळांनी. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या क्षेत्रात पाहणी केली, पाणी मिळालेली गावं आणि न मिळालेली गावं शेजारी शेजारी ठेवून उत्पन्न, मजुरी, कर्ज, पिकं तपासली आणि १९४८ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे गाडगीळ प्रवरा कारखान्याचे अध्यक्षही झाले. मला त्या अहवालातली तुलनेची रीत फार मोलाची वाटते. एकाच आभाळाखालची, एकाच मातीची दोन गावं, फरक फक्त पाण्याचा. मग बाकीचा फरक कुठून आला ते तपासा. आरोग्याच्या संशोधनात पुढे हीच रीत वापरली गेली, आणि तीही याच जिल्ह्यात.

पाण्यानं दिलं तसं नेलंही. कालव्याला अस्तर नव्हतं. भराव घालायला माती काढलेले खड्डे कालव्याच्या कडेला तसेच राहिले, त्यांत झिरपा साठला. खालच्या अंगाची रानं पाणथळ झाली, काही चोपण पडली, वर पांढरं मीठ फुललं. अशा संथ, उथळ, उन्हातल्या पाण्यात अॅनोफेलिस क्युलिसिफेसीस नावाचा डास वाढतो, दख्खनच्या खेड्यांत हिवताप पसरवणारा तोच. अण्णा सांगायचे, पाट सुटला की महिन्याभरात घराघरांत थंडी वाजायला लागायची. एकाला दुपारी घोंगडी लागायची, दुसऱ्याला दिवसाआड. लोक त्याला पाटाचं पाणी बाधलं म्हणायचे, आणि त्यात तथ्य होतं.

स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात देशात हिवतापाचे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू दर वर्षी होत असावेत, असा अंदाज होता. डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी मुंबई प्रांतात डीडीटीच्या फवारणीची मोठी मोहीम आधीच उभी केली होती. १९५३ साली ती देशभर राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून सुरू झाली. आमच्या घराच्या भिंतींवर फवारणीचे पांढरट ओघळ होते आणि दाराशेजारी गेरूनं लिहिलेल्या तारखा. दर पंधरवड्याला हिवतापाचा कर्मचारी यायचा, कोणाला ताप आला का विचारायचा, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायचा आणि भिंतीवर तारीख टाकून पुढच्या दाराला जायचा. साधारण दहा हजार माणसांमागे असा एक माणूस. या देशात प्रत्येक घरी, ठरल्या दिवशी, आजारी असा वा नसा, सरकारचा माणूस येऊन तब्येत विचारतो, ही गोष्ट त्याआधी कधी घडली नव्हती. १९६५पर्यंत देशातले रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. मग ढिलाई आली, डास औषधाला सरावले, आणि १९७६ साली आकडा ६४ लाखांवर गेला. मी नोकरीला लागले ती याच लाटेत. मला शिकवणाऱ्या जुन्या सिस्टर सांगत, फवारणी करून झाली तरी कालव्याकडेचे खड्डे कोणी बुजवले नाहीत. ते काम पाटबंधाऱ्याचं होतं आणि ताप आरोग्य खात्याचा होता. अण्णांच्या चारीची गळती आणि माझ्या रजिस्टरातला ताप हे एकाच पाण्याचे दोन हिशेब होते. एका टेबलावर बसून ते कधी कोणी जुळवले नाहीत.

याच्या उलट घडलं नारूचं. माझ्या आजीच्या घोट्यावर नारूचा व्रण होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून लोक पाणी भरत, पाय बुडवत. पाण्यातल्या बारीक किड्याबरोबर नारूचं पिल्लू पोटात जाई आणि वर्षभरानं हातभर लांब जंत पायातून बाहेर येई. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सडायचा, पेरणीच्या दिवसांत माणूस महिनाभर आडवा. नारूवर औषध नाही, लसही निघाली नाही. पाणी फडक्यानं गाळणं, विहिरीच्या पायऱ्या बंद करणं, हातपंप बसवणं, एवढ्यावर तो देशातून गेला. शेवटचा रुग्ण १९९६ सालचा, आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. एकही डॉक्टर न लागता एक अख्खा रोग गेला. माझ्या प्रशिक्षणाच्या वह्यांमध्ये नारूवर अर्धं पान होतं. माझ्या मते तो धडा पहिल्या पानावर असायला हवा होता.

आता जामखेडकडे वळते, पण वाट वडाळ्यावरून जाते.

राहुरीहून सोनई, शिंगणापूर, घोडेगाव असं गेलं की पुढे नेवासा तालुक्यात वडाळा बहिरोबा लागतं. अमेरिकन मराठी मिशनचं ते जुनं ठाणं. तिथल्या मिशन दवाखान्यात १९६२ साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे तरुण जोडपं कामाला आलं. रजनीकांत याच जिल्ह्यातले, शिक्षकांच्या घरचे, मेबलबाई जबलपूरच्या. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून १९५९ साली डॉक्टर झाले आणि १९६० साली लग्नाच्या दिवशीच त्यांनी खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं ठरवलं. चारेक वर्षं त्यांनी वडाळ्याचा दवाखाना चालवला. दिवसरात्र रुग्ण यायचे, शस्त्रक्रिया व्हायच्या, माणसं वाचायची. पण त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. जुलाबानं सुकलेलं मूल बरं करून घरी पाठवावं आणि काही आठवड्यांत तेच मूल पुन्हा तशाच अवस्थेत दारात यावं. बहुतेक आजार असे की ते होऊच द्यायची गरज नव्हती. दवाखाना कितीही चांगला चालला तरी भोवतालच्या गावांतलं मरण कमी होत नव्हतं, कारण ज्याचं मरण जवळ होतं तो दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हता.

पुष्कळ डॉक्टरांना हे दिसतं. आरोळ्यांनी त्यावर पुढची वर्षं लावली. ते अमेरिकेत गेले, दवाखान्यांत काम केलं, मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९७० साली परत येऊन जामखेड निवडलं. जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीडच्या सीमेवर, कालवा नाही, कारखाना नाही, पाऊस बेभरवशाचा. आमच्या पट्ट्यात गाडगिळांच्या अहवालातलं पाणी मिळालेलं गाव दिसतं. जामखेड म्हणजे त्याच अहवालाची दुसरी बाजू. १९७१च्या सुमारास तिथे जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुलं पहिला वाढदिवस बघत नव्हती. देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं १९४६ साली दिलेल्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानचा हाच दर १६२ होता, तोही १९३७ सालचा. म्हणजे स्वातंत्र्याची चोवीस वर्षं जामखेडच्या बाळांपर्यंत पोचलेलीच नव्हती.

त्यांनी आधी लोकांना विचारलं, तुम्हाला काय हवं. लोकांनी पाणी आणि अन्न सांगितलं. मग १९७२चा दुष्काळ आला. आमच्या देवळालीत त्या वर्षी कालव्याला कमी का होईना पाणी होतं. जामखेडला पिण्याचं नव्हतं. आरोळ्यांनी कूपनलिका खणवल्या आणि हातपंप बसवले, ते शक्य तिथे दलित वस्तीत. ज्यांना गावच्या विहिरीवर जाता येत नव्हतं त्यांच्या दाराशी सगळ्या गावाला पाणी भरायला यावं लागलं. मी जन्मानं त्या वस्तीतली नाही, पण नर्सबाई म्हणून माझ्या भागातल्या प्रत्येक वस्तीच्या पाण्यावर मी उभी राहिले आहे, त्यामुळे या एका निर्णयाचं वजन मला कळतं. कुठल्या पुस्तकात त्याला सामाजिक हस्तक्षेप म्हणतील. प्रत्यक्षात त्यामुळे एका मुलाला त्याच्या शेजारच्या मुलाइतकंच स्वच्छ पाणी मिळालं आणि दोघांच्या जुलाबाची शक्यता सारखी झाली. जात ही आजाराचं कारण असू शकते, हे इतकं उघड करून मांडलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

पुरुषांना एकत्र आणायला डॉक्टर त्यांना व्हॉलीबॉल खेळायला बोलवायचे. जातीजातीचे तरुण एका जाळ्याच्या दोन बाजूंना उभे राहत, खेळ संपला की बोलणं सुरू होई, त्यातून शेतकरी मंडळं झाली. खरी गोष्ट मात्र बायांची आहे.

सुरुवातीला आरोळ्यांनी गावांत शिकलेल्या नर्स पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. परगावची, एकटी राहणारी, पांढऱ्या कपड्यातली बाई गावाला आपली वाटत नाही आणि तिलाही गाव आपलं वाटत नाही. हे मला कोणी समजावून सांगायला नको. मग गावातलीच बाई निवडायची ठरली. बहुतेक निरक्षर, पुष्कळ दलित, कोणी टाकलेली, कोणी विधवा. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, एकत्र राहायच्या, एका पंगतीला जेवायच्या, एका खोलीत झोपायच्या. ज्यांच्या घरात दुसऱ्या जातीच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्या बाया तिथे शेजारी शेजारी आडव्या होत. शिकायच्या काय, तर बाळंतपण स्वच्छ कसं करायचं, मुलाचं वजन कसं घ्यायचं, जुलाबात साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा, क्षयाची गोळी बंद का करायची नाही.

नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी मी तिथे शिकायला गेले होते. मला जे दिसलं ते सांगते. लुगड्यातली एक वयस्कर बाई जमिनीवर बसून आम्हा डझनभर नर्सांना गावातल्या मुलांचा हिशेब सांगत होती. गेल्या वर्षी किती जन्मली, किती गेली, कशानं गेली, कोणत्या घरची. तिच्याजवळ वही नव्हती. एका मुलाबद्दल मी विचारलं, ते कशानं गेलं. ती म्हणाली, "त्याची आई कामाला जायची, थोरली पोर सांभाळायची, पोर सात वर्षांची." मी न्यूमोनिया, गोवर, जुलाब असं काहीतरी ऐकायची वाट पाहत होते. माझ्या रजिस्टरात मृत्यूच्या कारणाचा एक रकाना असतो आणि त्यात एका शब्दाची जागा असते. त्या बाईच्या मोजणीत कारणाला घर होतं, मजुरी होती, थोरली बहीण होती.

आकडे उतरले. १९९०च्या दशकापर्यंत तिथला बालमृत्यू दर हजारी ३०च्या आत आला. त्याआधीच १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं केनेथ न्यूवेल यांच्या संपादनाखाली जगभरच्या अशा प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७८ साली अल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, त्यामागे ज्या थोड्या ठिकाणांचा अनुभव होता त्यांत आमच्या जिल्ह्यातलं हे एक. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली.

कुणी म्हणेल, देशभरच बालमृत्यू घटत होते, त्यात जामखेडचं श्रेय किती? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर शोधलं गेलं हे मला विशेष आवडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० साली एक अभ्यास छापून आला. आरोळ्यांच्या प्रकल्पाची गावं एका बाजूला, त्याच भागातली प्रकल्प नसलेली गावं दुसऱ्या बाजूला, गाडगिळांचीच रीत. एक महिन्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचा मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. पहिल्या महिन्यातल्या बाळांच्या बाबतीत मात्र ठळक फरक दिसला नाही. हा दुसरा निष्कर्ष झाकून ठेवावा असं काहींना वाटेल. मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. पाणी, अन्न, आईचा घरातला आवाज यांनी महिन्यापुढचं मूल वाचतं. नुकतं जन्मलेलं, कमी वजनाचं, जंतुसंसर्ग झालेलं बाळ वाचवायला आणखी काही लागतं. ते काय, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवलं होतं. ३९ गावांत गावातल्याच बायांना त्यांनी बाळाला ऊब देणं, श्वास मोजणं, गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं शिकवलं आणि नवजात मृत्यूचा दर हजारी ६२वरून तिसऱ्या वर्षी २५च्या आसपास आला. 'लॅन्सेट'मध्ये तो शोधनिबंध १९९९ साली आला. जामखेड आणि गडचिरोली दोन्ही एकत्र वाचले की बाळाच्या पहिल्या पाच वर्षांचा नकाशा पुरा होतो.

सरकारनं १९७७ साली गावोगाव जनस्वास्थ्य रक्षक नेमले, ते बहुतेक पुरुष होते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्त्या आल्या, आणि बाईच हवी, गावातलीच हवी, हा जामखेडचा मुद्दा अखेर देशानं मान्य केला. मी आशांबरोबर शेवटची वर्षं काम केलं. त्यांना कामागणिक मोबदला मिळतो. बाळंतपणाला इतके, लसीकरणाला इतके. ज्या कामाला मोबदल्याची ओळ नाही ते काम मागे पडतं. जामखेडच्या त्या बाईसारखी आईच्या मजुरीची चौकशी करायला आशाकडे ओळही नाही आणि वेळही नाही. हा त्यांचा दोष नाही. रकाने वर ठरतात.

आमच्या बागायती पट्ट्यात दवाखान्यांची वाण कधी नव्हती. लोणीला प्रवरा ट्रस्टचं मोठं रुग्णालय झालं, १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आलं. रस्ता डांबरी, एसटी दर तासाला. माझ्या गावांचे आकडे तालुक्याच्या बैठकीत चांगले ठरत. लसीकरण चांगलं, दवाखान्यातली बाळंतपणं चांगली, कुपोषण थोडं. मी त्या आकड्यांचा अभिमान बाळगत असे. पण त्या आकड्यांचा पाया होता गावाची लोकसंख्या, आणि ती एप्रिलच्या सर्वेक्षणात घरोघर फिरून लिहिलेली. दिवाळीनंतर जी माणसं गावात येत आणि कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला की एप्रिल-मेच्या सुमारास निघून जात, ती त्यात धरलेलीच नव्हती.

ऊसतोडणीच्या टोळ्या. बीडच्या आष्टी, पाटोदा, शिरूरमधून, आमच्याच पाथर्डी आणि जामखेडमधून त्या येत. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत बांधलेले. कारखान्याजवळच्या गव्हाणीला किंवा उसाच्या कडेला पाचटाच्या कोप्या. पहाटे चारला बाई फडात, डोक्यावर मोळी, दुपारी बैलांचं वैरणपाणी, रात्री गाडी भरायला. मूल फडाच्या बांधावर. कोरड्या गावांची माणसं ओल्या गावांचा ऊस तोडायला येतात. गाडगिळांच्या तुलनेतली दोन्ही गावं दर हिवाळ्यात आमच्या शिवारात एकत्र होत होती. आमच्या नोंदवहीत फक्त एकच गाव होतं.

मी संध्याकाळी कोप्यांवर जायचे, दिवसा कोणी भेटत नसे. लस द्यायची, लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि नावं वहीच्या मागच्या पानावर 'बाहेरगावचे' म्हणून लिहायची. त्या पानाची बेरीज मासिक अहवालात जात नसे. एकदा एका बाईला सातवा महिना होता, पाय सुजलेले, हिमोग्लोबिन पांढऱ्या फटक डोळ्यांवरूनच कळत होतं. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणाली, "बाई, खाडा पडंल." एका दिवसाचा खाडा म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड. तिचं बाळंतपण कुठे झालं, मूल जगलं का, मला कधी कळलं नाही, कारण पुढच्या आठवड्यात टोळी दुसऱ्या गटात गेली.

त्यांची मोजणी करता येत नव्हती असं नाही. पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा वरून यादी आली: वीटभट्ट्या, ऊसतोड टोळ्या, पालं, एकही मूल सुटता कामा नये. बोटाला शाई लावत आम्ही फडांतून फिरलो. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११चा, आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. ठरवलं की कोपीपर्यंत पोचता येतं, हे तेव्हा दिसलं होतं. दोन थेंब देऊन आम्ही परतत होतो. मुलाच्या आईची चौकशी त्या मोहिमेत नव्हती.

आईची चौकशी झाली २०१९ साली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या तरुणपणीच काढल्या जात असल्याच्या बातम्या आल्या. तीन वर्षांत तिथल्या ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं जून महिन्यात सरकारनं विधान परिषदेत सांगितलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांशी बोलणं झालं आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहा बायांमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३ टक्क्यांच्या आसपास होतं.

कारणं विचारा, पुन्हा दवाखान्याबाहेरचीच. लवकर लग्न, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणं, लगेच नसबंदी. सहा महिने आडोसा नाही, न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर. त्यातून जंतुसंसर्ग, अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं. खाड्याच्या भीतीनं ते वर्षानुवर्षं अंगावर काढणं. मग एखाद्या डॉक्टरनं कर्करोगाची भीती घातली की उचल काढून शस्त्रक्रिया, आणि ती उचल फेडायला पुढचे हंगाम. यातला वैद्यकीय भाग तरी नवा नव्हता. १९८९ साली राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी करून 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं होतं की ९२ टक्के बायांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही आहे आणि आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. ते वाचून सगळं जग हललं, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं जायचं. साध्या गोळ्यांनी बरे होणारे आजार त्यांत कितीतरी होते. तीस वर्षांनी त्याच आजारांवर आमच्या उसाच्या बायांच्या पोटात सुरी चालली.

समितीनंतर ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ उभं राहिलं, कामगारांच्या नोंदणीची आणि आरोग्य तपासणीची भाषा सुरू झाली. मला त्यात एक प्रश्न सोडवून हवा आहे. कोपीत जन्मलेलं मूल महिन्याच्या आत गेलं तर तो मृत्यू कुठे मोजायचा? देवळालीच्या उपकेंद्रात तो धरत नाहीत, आई इथली नाही. पाथर्डीच्या उपकेंद्राला कळत नाही, मूल तिथे जन्मलंच नाही. मी माझ्या जागी आलेल्या सिस्टरना आणि आशांना हंगामाच्या सुरुवातीला मुकादमांकडून टोळ्यांच्या याद्या घ्यायला सांगते. बाईचं नाव, मूळ गाव, वय, किती मुलं, कितव्या महिन्यात, शेवटची पाळी कधी. पाथर्डीत आणि जामखेडात टोळी निघायच्या आधी तिथल्या आशांनी हीच यादी करावी, आणि एप्रिलमध्ये दोन्ही वह्या एकमेकींसमोर ठेवून प्रत्येक नाव जुळवावं. ज्यांचं नाव जुळणार नाही त्यांच्या घरी जाऊन विचारावं. यासाठी नवं यंत्र नको, नवा दवाखाना नको. मागच्या पानावरची ती बेरीज मासिक अहवालात घ्यायला एक ओळ लागते, आणि ती ओळ जिल्ह्यानं छापून द्यावी अशी मागणी मी लेखी केली आहे.